लस घेऊन तांड्यावर

पुण्याहून निघून धामणगावला रेल्वेतून उतरले, तेव्हाच चैत्राचं ऊन अंगावर आलं. यवतमाळ, तिथून घाटंजी. दोन्ही मोटारींत बूड टेकायला जागा मिळाली, एवढंच सुख. माझा धाकटा भाऊ वसंता तिथे आरोग्य खात्यात निरीक्षक होता. चार दिवस त्याच्याकडे राहावं, कापसाचा मुलूख पाहावा, एवढाच माझा विचार होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. वसंताने पत्र्याचा भोंगा तोंडाला लावला, देवीच्या रोगाची चित्रं दोरीवर टांगली आणि लस टोचून घ्या म्हणून तासभर ओरडला. माणसं थांबत, चित्रं बघत आणि मिरचीच्या ढिगाकडे वळत. त्याचा घसा बसला. घरी येऊन आम्ही ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली. तो म्हणाला, "ताई, उद्या तांड्यावर जायचंय. तिथं देवी येऊन गेली."

तांडा म्हणजे बंजारा लोकांची वस्ती. छकड्यातून (लहान बैलगाडीतून) निघालो. वाटेत नाल्याच्या रेतीत चाक रुतलं आणि पुढचा मैलभर लशीची पेटी घेऊन पायीच गेलो. पळस फुलून झाला होता. पायाखाली फुलांचा काळपट चुरा पडला होता.

नायकाने (तांड्याच्या प्रमुखाने) बाज टाकली, पाणी दिलं. वसंता भोंगा काढतच होता, तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई आली. जमनी तिचं नाव. महिन्यापूर्वी तिची सहा वर्षांची मुलगी, सोनी, देवीने गेली होती, हे नायकाने हळूच सांगितलं.

"साहेब, मागच्या सालीबी तुम्हीच आलते ना?" तिने विचारलं.

"हो, मीच."

"मी पाणी भरून राह्यली होती. तुम्ही मोठ्यानं बोलून राह्यले होते. मले वाटलं, मतं मागाले आले असन. आमच्या बोलीत काहून नाही सांगितलं?"

वसंता म्हणाला, "मला तुमची बोली येत नाही."

"तवा टोचली असती तं वाचली असती काय?"

मला वाटलं, तो काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. त्याने भोंगा खाली ठेवला. "हो," तो म्हणाला, "वाचली असती."

ती बाजेजवळ बसली. रडली नाही. बराच वेळ पदराचे आरसे एका बोटाने चाचपत राहिली. मग वसंताने विचारलं, "बाई, तांड्यातल्या बायांना तुमच्या बोलीत तू सांगशील का?"

"मी कायले सांगू? माही तं गेली."

  पण थोड्या वेळाने तीच उठली आणि शेजारच्या दारात गेली. मी मागोमाग गेले. ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत होती. हळू, ओरडून नाही. मला त्यातला एकच शब्द कळत होता, 'सोनी'. प्रत्येक दारात तो यायचा आणि आतली बाई कामातले हात थांबवायची. दुपारपर्यंत लेकरं कडेवर घेतलेल्या बायांची रांग लागली. जमनी रांगेत नव्हती. तिच्याकडे टोचून घ्यायला कुणी उरलं नव्हतं. ती दुसऱ्यांची रडणारी पोरं घट्ट धरून बसत होती.

परतताना, रेतीतून काढलेल्या छकड्यात, वसंता म्हणाला, "ताई, मागच्या वर्षीच्या अहवालात मी लिहिलं होतं, तांड्यात माहिती दिली."

'दिली होतीस ना,' असं म्हणून त्याची समजूत काढावीशी वाटली. जीभ रेटली नाही.

पुण्याला परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, तिकडे पाहण्यासारखं काय आहे? मी पळसाचं सांगितलं, अंबाडीचं सांगितलं. जमनीचं सांगायला लागले आणि मध्येच थांबले. एकदा सांगतानाच माझा आवाज गेला. ती तर त्या सकाळी दारोदार सांगत फिरली होती.