टेबलावर लोळवलेली लाठी

काठी चोरीला गेल्याची जी फिर्याद मी हसण्यावारी नेणार होते, ती माझ्या डोक्यातून आजही जात नाही. मी नुकतीच पोलीस निरीक्षक झाले होते, खांद्यावर तिसरा तारा चढला होता. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस तो तारा बघायलाच थांबतो, असा माझा तेव्हा समज होता. कडक इस्त्री, काखेत लाठी आणि चाल अशी, की आयुक्तांनीही बाजूला व्हावं.

दुपारी विशीतली एक मुलगी ठाण्यात आली. बरोबर साठीचा एक माणूस, शर्टावर लाकडाचा भुसा. मुलगी पूल खेळायची, बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ, आणि सानपाड्याच्या पूल पार्लरमधून तिचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, चोरीला गेला होता. राज्याच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात होती.

"मग दुसरी काठी घे की," मी म्हटलं. "दुकानात मिळत असेल."

मुलीचे डोळे भरले. तो माणूस मात्र चिडला. क्यू त्यानेच बनवला होता. मूळचा खाडीकाठच्या गावातला, वर्कशॉप खांदेश्वरला. "काठी नाय ती मॅडम. पोरीच्या हाताच्या मापाची हाय. नवीन करायला वरीस जाईल."

वर्ष? मला वाटलं, फेकतोय. फिर्याद नोंदवली, पार्लरचा पंचनामा केला आणि त्याचं वर्कशॉपही बघून आले. छताला लाकडी दांडे टांगलेले, कपडे वाळत घातल्यासारखे. लेथवर थोडंसं तासायचं, मग काही महिने टांगून ठेवायचं. लाकडाला वाकायचं तेवढं वाकू द्यायचं, मग पुन्हा थोडं तासायचं. घाई केली तर क्यू खेळाडूच्या हातात गेल्यावर वाकतो. बोलता बोलता तो हाताला येईल तो दांडा डोळ्यासमोर धरून बघायचा, बोटावर तोलायचा आणि टेबलावर लोळवायचा. सरळ दांडा गुपचूप लोळत जातो, वाकडा उड्या मारतो.

"हे सारखं कशाला?" मी विचारलं.

"हाताची खोड," तो म्हणाला. मी घड्याळ बघितलं. मोठ्या अधिकाऱ्याने अधूनमधून घड्याळ बघावं, असं मला वाटायचं.

खबर मिळाली पार्लरखालच्या पानवाल्याकडून. "मॅडम, लांबडी पेटी घेऊन एक जण गेला. खांद्याला नाही अडकवली, तान्हं बाळ धरतात तशी आडवी धरून गेला. जुईनगरला फर्निचर पॉलिश करतो तो."

त्याला चौकशीसाठी आणलं. साताऱ्याकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. घरझडतीत काहीच मिळालं नाही.

"क्यू कुठे आहे?"

"खेळायची काठी का? आयुष्यात हातात धरली न्हाई मॅडम."

तासभर तेच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. हात असा झणझणला, की डोळ्यांत पाणी आलं. आता त्याला पार्लरचे फोटो दाखवावेत म्हणून ड्रॉवर ओढला, तर तो अडकलेला. ओढायला दोन्ही हात हवेत.

"जरा हे धर," म्हणून मी काखेतली लाठी त्याच्याच हातात दिली.

दारातल्या हवालदारांचे डोळे कपाळात गेले. आरोपीच्या हातात लाठी देणारी मी त्यांना पहिलीच भेटले असणार.

त्याने लाठी डोळ्यासमोर धरली. जरा फिरवली. बोटावर तोलली. मग टेबलावर ठेवून तळव्याने लोळवली. टक, टक, टक.

"मॅडम, ही वाकडी हाय की," तो अगदी कळवळून म्हणाला. "कोपऱ्यात टेकवून ठेवता का?"

मी ड्रॉवर सोडला. "काय रे, फर्निचरवाले टेबलाचे पाय असे लोळवून बघतात?"

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग सगळं सांगितलं. खांदेश्वरच्या वर्कशॉपमध्ये त्याने उमेदीची वर्षं घालवली होती. त्या क्यूच्या मुठीवरची शिंपल्याची नक्षी त्याची. शिक्का एकट्या मालकाचा. त्यावरून भांडण झालं, काम सुटलं. "क्यू हातात घेतलेल्या त्या मुलीचा फोटो पेपरात बघितला. वाटलं, आपलं काम एकदा हातात धरून बघावं. परत ठेवणार हुतो. पार्लरखाली तुमची गाडी दिसली आन् तसाच माघारी फिरलो."

क्यू जुईनगरलाच त्याच्या बहिणीकडे मिळाला. सुती साडीत गुंडाळून माळ्याच्या हुकाला टांगलेला.

साहेबांना मी सांगितलं, लाठी देणं ही माझी तपासातली युक्ती होती. त्यांनी शाबासकी दिली. हवालदारांना खोकल्याची उबळ आली.

जप्ती झाली, पण जप्त माल परत द्यायला कोर्टाचा आदेश लागतो. तोवर निवड होऊन गेली असती. त्यात लॉकअपमधून हा पॉलिशवाला रोज विचारायचा, "मॅडम, मुद्देमालाच्या खोलीत ओल हाय. टेकवून न्हाई ना ठेवला?" कारकून हसला. मी नाही हसले. डायरीत नोंद करून क्यू माझ्या केबिनमध्ये टांगला, रेनकोटच्या खिळ्याला, आणि अहवाल घेऊन स्वतः कोर्टात गेले.

"एवढी घाई कशाला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"लाकूड वाकेल, सर," मी म्हटलं. त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नाही.

हमीपत्रावर क्यू मुलीला मिळाला. निवडीच्या आदल्या दिवशी तिने तो माझ्याच टेबलावर लोळवला. आवाज नाही, उडी नाही. बनवणारा शेजारी उभा होता. नक्षीवर अंगठा फिरवत म्हणाला, "त्याचा हात चांगलाच हाय. मीच त्याचं नाव खाल्लं."

मुलगी संघात आली. पुढे तिनेच कोर्टात तडजोडीला संमती दिली, आणि त्याच वेळी क्यूवर नक्षी करणाऱ्याच्या नावाचा दुसरा शिक्काही उमटवून घेतला.

त्यानंतर मी चौकशीची पद्धत बदलली. माणूस जबाब पाठ करून येतो, पण हातांची तालीम करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. म्हणून आधी हातात काहीतरी द्यायचं आणि आपण गप्प बसायचं. घरी हेच नातवंडांवर चालतं. मटार सोलायला बसवलं, की परीक्षेचं खरं बाहेर येतं.

निवृत्तीच्या दिवशी लाठी जमा केली. त्याआधी केबिनचं दार लावून ती एकदा टेबलावर लोळवली. टक, टक, टक. इतकी वर्षं ती काखेत घेऊन मी ताठ चालत होते.