खिळेशेठ आणि पिकअपचा टोप

भर रहदारीतून एक पिकअप चालली आहे, तिच्या उघड्या हौद्यात नवाकोरा सोफा आहे आणि त्या सोफ्यावर एक बाई ऐसपैस बसली आहे, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलंय का? आमच्या भागात ते रोजचं. ती बाई म्हणजे माझी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. आणि पुढे स्टिअरिंग धरून, एक डोळा रस्त्यावर अन् एक आरशात ठेवून बसलेले ते तिचे यजमान. सोफ्याला नवी गादी भरावी, नवं कापड चढवावं, तर त्यांनीच. लोक त्यांना खिळेशेठ म्हणतात. मी आपला जावईबापू म्हणतो.

खिळेशेठ हे नाव का पडलं ते आधी सांगतो, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. कापड ताणून धरण्यात दोन्ही हात गुंतलेले असतात, मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तर तोंडात. गालात भरून ठेवायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा आणि ठोकायचा. कारखान्यात गिऱ्हाईक आलं की जावईबापू नुसते "हं" म्हणायचे. पुढचं सगळं भाची बोलायची. स्प्रिंग बसली की पट्टा तुटला, कापड फुलांचं घ्यावं की साधं, सुनेला निळा रंग आवडेल की नाही, सगळं. माणूस भांडायला आला तरी जाताना हसत जायचा. जावईबापू खिळे चघळत ऐकत राहायचे.

सोफ्यावर बसायची कल्पनाही त्यांचीच, बरं का. मखमलीवरून दोरी आवळली तर वळ उठतो, तो काही केल्या जात नाही. आणि न बांधावं तर खड्ड्यात सोफा उडी मारतो. म्हणून पहिल्याच फेरीला ते बायकोला म्हणाले, "तू बस वर. तुझ्या वजनाने राहील जागेवर."

"माझ्या वजनाची आठवण कामाच्या वेळी बरी येते तुम्हाला," असं म्हणत ती चढली, ती चढलीच.

मग काय, रस्ता तिचा झाला. औषधाच्या दुकानदाराने दुकानातून हात करावा, शिंप्याने मशीन थांबवून खिडकीशी यावं. गाडी सिग्नलला थांबली की शेजारच्या बसमधली माणसं तिच्याशी बोलणार, कारण ती नेमकी त्यांच्या खिडकीच्या उंचीला. वाहतुकीचा पोलीस एकदा म्हणाला, "बाई, गाडीत बसून जावं माणसाने." ही म्हणाली, "बसलेच आहे की." तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची मोडकी खुर्ची घेऊन कारखान्यात हजर.

कामं अशी धो धो यायला लागली. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. जावईबापूंच्या पोटात मात्र दुखायला लागलं. केबिनच्या मागच्या काचेतून तिचं हसणं ऐकू यायचं, शब्द ऐकू यायचे नाहीत. आरशात अर्धीच बायको दिसायची, तीही पाठमोरी. घरी गेल्यावर हे विचारणार, "तो शिंपी काय सांगत होता एवढं?"

"काही नाही."

"काही नाही तर हसलीस कशाला?"

"अहो, हसण्यासारखं होतं म्हणून."

झालं. रात्रीचं जेवण कडू. त्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. यांनी उचलला तर पलीकडून, "बाईंचे ड्रायव्हर का? जरा बाईंना द्या ना." तो फोन त्यांनी दिला, पण माझ्याकडे येऊन ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली की मला तोंडपाठ झाली.

मग एके दिवशी ते एक छापील पत्रक घेऊन आले. त्यावर पिकअपचा फोटो. हौद्यावर फायबरचा कडक टोप बसवलेला, मागे कुलपाचं दार, बाजूला काळ्या काचा. आतलं बाहेर दिसणार नाही, बाहेरचं आत येणार नाही.

"मामा, हा बसवावा म्हणतो. धूळ लागते हो कापडाला. पाऊस आहे, चोरी आहे."

"सोफा मावेल?"

"पाठीवर आडवा टाकला की मावतो. माप घेतलंय मी."

"आणि आमची भाची? तीही आडवी टाकणार?"

ते पत्रकाच्या घड्या घालायला लागले. "ती पुढे बसेल. माझ्याशेजारी."

हे सांगताना त्यांचे कान लाल झाले. मला हसू आलं, पण मी ते मिशीत दाबलं. धूळ, पाऊस, चोरी, सगळी निमित्तं. लग्नाला इतकी वर्षं झालेला हा माणूस बायको शेजारी बसावी म्हणून फायबरचा टोप घ्यायला निघाला होता. सगळ्या गावाशी जे बोलते ते तिने आपल्याशी बोलावं, एवढंच त्याचं मागणं. पण ते तोंडाने मागता येत नव्हतं.

भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "बसवा की. माझ्या डोक्याला ऊन तरी लागणार नाही."

इतक्या सहज हो म्हटल्यावर जावईबापूंना जास्तच खुपलं. मला बाजूला घेऊन म्हणतात, "भांडली कशी नाही? काहीतरी आहे मामा यात."

"नाही म्हटलं असतं तर?"

"तरी काहीतरी आहेच असं म्हटलं असतं मी," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

टोपवाल्याकडे आम्ही तिघे गेलो. एक सोफा पोचवायचा होता, तो हौद्यात होताच. टोपवाला मोठा सज्जन. म्हणाला, "नमुन्याचा टोप बसवून देतो, एक फेरी मारून या. पटलं तर नवीन बनवू." सोफा पाठीवर टाकला, वरून टोप ठेवला, चारी कोपऱ्यांना शिकंजे आवळले. तेवढ्या वेळात टोपवाल्याने भाचीला स्वतःच्या दुकानातली फाटकी गादी दाखवली, आणि ही कापडाचा पोत सांगायला बसली. जावईबापूंनी शिकंजा असा पिळला की टोपवाल्याला धावत यावं लागलं. "अहो शेठ, फायबर आहे, लोखंड नाही ते."

मी टोपवाल्याकडेच थांबलो, ती दोघं निघाली. पुढची हकीगत मला दोघांनी वेगवेगळी सांगितली, पण दोन्ही जुळतात.

नव्या टोपातली गाडी कुणी ओळखलीच नाही. औषधाचा दुकानदार समोर बघत राहिला. शिंप्याचं मशीन चालूच. सिग्नलला पोलिसाने शिट्टी मारून पुढे हाकललं. जावईबापू मनात म्हणाले, आता कसं. मग ते वाट बघायला लागले. एक वळण गेलं, पूल गेला. भाची मांडीवर पर्स घेऊन समोर बघत होती, दवाखान्याच्या बाकावर बसल्यासारखी.

"बोल ना काहीतरी," शेवटी हे म्हणाले.

"काय बोलू?"

"त्या लोकांशी बोलतेस तेच."

"अहो, ते विचारतात म्हणून मी बोलते. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या खुर्चीत ढेकूण झालेत. तुमच्या गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही."

"मग?"

जावईबापूंनी गिअर बदलला. सोफा पोचवून दोघं परत आली. जावईबापू उतरले, टोपाभोवती एक फेरी मारली आणि माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "मामा, टोप बसवला तर गावाचं बोलणं बंद होईल. पण ते माझ्याकडे वळणार नाही. ती ढेकणांवर बोलते तेव्हासुद्धा तोंड कसं उजळतं तिचं. आणि आत्ता बघा."

मी बघितलं. भाची केबिनमध्येच बसली होती, खिडकीची काच वरखाली करत.

"मग काढायचा?" टोपवाल्याने विचारलं.

"काढा," जावईबापू म्हणाले. पण तरी ते हलेनात. केबिनच्या मागच्या काचेवर त्यांनी बोटाने टकटक केलं. "ही काढून इथे सरकती काच बसते का? ड्रायव्हरच्या डोक्यामागे उघडेल अशी?"

"बसते की. हवा चांगली लागते."

"हवेचं काही नाही हो. मला ऐकू आलं पाहिजे."

टोपवाला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बसवून द्या. कामासाठी लागते त्यांना."

काच बसली. भाची पुन्हा वर, सोफ्यावर. आता शिंप्याने दुखऱ्या गुडघ्याचा विषय काढला की पुढून आवाज येतो, "शेक द्या, शेक." शिंपी दचकतो. भाची वरून म्हणते, "तुम्ही समोर बघा हो." कुणी जास्त वेळ बोललं की हे मुद्दाम हॉर्न वाजवतात, कान लाल ते लालच. जळफळाट काही गेला नाही, फक्त आता तो ऐकूनसवरून होतो. आणि रस्ता मोकळा लागला, विचारणारं कुणी नसलं, की भाची काचेशी वाकून आत्ताच भेटलेल्या माणसाची नक्कल करून दाखवते. तेव्हा गाडी इतकी हळू चालते की सायकलवाले पुढे जातात.

परवा त्यांनी मला वाटेत गाडीत घेतलं. मी पुढे, त्यांच्याशेजारी, अंमळ मधे सरकून बसलो. मागून भाचीने विचारलं, "मामा, तब्येत कशी आहे?" मी वळून काचेत तोंड घातलं आणि सांगायला लागलो, पाठीचं, झोपेचं, सगळं साद्यंत. दोन चौक गेले असतील. जावईबापूंनी गाडी कडेला घेतली, माझ्या बाजूचं दार उघडून दिलं आणि मोठ्या अदबीने म्हणाले, "मामा, तुम्ही वर सोफ्यावर बसा. मऊ आहे. तिला पाठवा पुढे."