दिव्याला बांधलेली गाठ

समुद्रकाठच्या दांडी गावातलं ते घर अजून माझ्या स्वप्नात येतं, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासासकट. अर्ध्या भागात मालक कोळी कुटुंब, अर्ध्यात भाड्याने आम्ही. बाबा साताऱ्याकडून वीजकेंद्राच्या बांधकामावर वायरमन म्हणून आले होते. पण वायरमनच्या घरी सगळा आनंदीआनंद! दोन्ही बिऱ्हाडांना मिळून एकच मेन स्विच, दिव्यांना वेगळा खटका नाहीच, आणि आईच्या इस्त्रीची वायर दिव्याच्या होल्डरला लटकलेली. इस्त्री बंद करायची तर मेन पाडायचा, म्हणजे घरमालकीण मावशीचाही दिवा जायचा.

मावशीला ते बिलकूल खपत नसे. "होडी दर्यावर हाय तवर दिवा नाय मालवायचा," ती बजावायची. आधी हा नेम रॉकेलच्या चिमणीचा होता, वीज आल्यावर तो बल्बला लागू झाला. नवरा समुद्रात गेला, की ती मेनचा दांडा जाळ्याच्या दोरीने करकचून बांधून टाकायची. बाबा हसायचे. "इस्त्रीचा खटका हाताशी पाहिजे, उद्या लावतो," म्हणायचे. तो उद्या काही उजाडत नव्हता.

एका संध्याकाळी आई बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. एकदम ती किंचाळली. तिचा हात इस्त्रीला चिकटला होता, सुटेना. मी मेनकडे धावले, दांडा ओढला, पण दोरीने तो हलेचना. किंकाळी ऐकून मावशी मासळी कापायचा कोयता घेऊनच आली. बाहेर वारा सुटला होता, होडी अजून परतली नव्हती. तिने एकदा आईकडे पाहिलं आणि दोरी कापली. मी दांडा पाडला.

आई वाचली. मेन पुन्हा चढवायचं कुणाला सुचलंच नाही; अंधारात दोघी एकमेकींना धरून रडत बसल्या. माझी आईच मावशीच्या नवऱ्यासाठी देवाला हाका मारत होती. मला फार भीती वाटली.

थोड्या वेळाने होडी किनाऱ्याला लागली. मावशी पाण्यात धावत गेली.

"मी दिवा मालवला," ती म्हणाली. काकांनी, तिच्या नवऱ्याने, सगळं ऐकून घेतलं.

"बाय जगली ना? मंग झाला."

दुसऱ्या दिवशी बाबांनी कामाला दांडी मारली आणि इस्त्रीला वेगळा खटका बसवला, आईच्या अगदी हाताशी, आणि मावशीच्या दिव्यालाही एक. मेनला दोरी बांधायची नाही, हे मावशीनेही मुकाट्याने मानलं. पुढे ती दोरी आपल्या दिव्याच्या खटक्याला बांधू लागली. काका दर्यावर असले, की एक गाठ. बाबांची रात्रपाळी असली, की शेजारी आणखी एक.