सत्काराची शाल, पांघरायची शाल

सांगलीहून रात्री निघालेली बस उजाडता उजाडता दादरला पोचली. माझ्या पिशवीत एक टॉवेल, एक इस्त्रीची साडी आणि लिहून आणलेलं भाषण होतं. भाषणात मैत्रिणीची मनापासून वाटावी अशी स्तुती होती आणि प्रत्येक वाक्यात सहज दिसणार नाही अशी एक टाचणी खोचलेली होती. टाचण्यांवर मी जास्त मेहनत घेतली होती.

मैत्रीण म्हणजे वैशाली परब. मुंबईत आम्ही ग्रंथालयशास्त्र एकत्र शिकलो, अभ्यासाला एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या चपला घालून परीक्षेला गेलो. पुढे मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, ती मुंबईतच राहिली. गेल्या वर्षी गिरगावातल्या एका जुन्या संस्थेत ग्रंथालय-संचालकाची जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केला. जागा तिला मिळाली. त्यानंतर तिने चार-पाच वेळा फोन केले आणि मी प्रत्येक वेळी कामात होते. आता तिच्या लालबागच्या चाळीचं मंडळ 'चाळीची कन्या' म्हणून तिचा सत्कार करणार होतं. आमंत्रणाच्या फोनवर ती शेवटी म्हणाली, "आली नाहीस तर मी समजून घेईन, शुभदा." वैशाली समजून घेते म्हणजे पुन्हा फोन करत नाही, हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून आले.

मागच्या जानेवारीत मी तीन गोष्टी ठरवल्या होत्या. मुंबईची ती जागा, ती नाही तर कॉलेजच्या व्यवस्थापनात बढती, आणि काहीही झालं तरी माझं पुस्तक. जागेचं सांगितलंच. बढती तांत्रिक कारणाने दुसऱ्याला मिळाली. ते कारण मला समजावून सांगणाऱ्यालाही समजलेलं नव्हतं. पुस्तक प्रकाशकाकडे 'विचाराधीन' आहे, म्हणजे कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवत असणार. मिळालं ते न मागितलेलं. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर अचानक सोडून गेली आणि "तुम्ही तशाही एकट्याच असता" असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातलं गेलं.

दादरला तोंड धुऊन, साडी बदलून मी टॅक्सी केली आणि गिरगावला गेले. कार्यक्रम संध्याकाळी होता. दिवसभर दुसरीकडे कुठेही जाता आलं असतं. पण दुखरा दात जिभेने चाचपून पाहावा तशी मी ती संस्था पाहायला गेले.

आधी पोटात काहीतरी हवं म्हणून एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष (श्रीखंड पातळ केल्यासारखं गोड पेय) घेतलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ वेटरला सांगत होते, "काल पियूष पातळ होतं रे." वेटर म्हणाला, "काल तुम्ही घाईत होता, काका." ते मान डोलावून पिऊ लागले. गिरगावात वाद असे संपतात. आमच्याकडे मालकाला बोलावतात.

फणसवाडीच्या बाजूने एका वाडीतून (एका बोळाभोवती वसलेल्या चाळींच्या वस्तीतून) मी संस्थेपाशी आले. वाडीत कठड्यांवर गाद्या उन्हात घातल्या होत्या आणि एक बाई दुसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडून पाव घेत होती. संस्थेची इमारत मुलाखतीच्या दिवशी पाहिली तशीच होती. फक्त दारातल्या फलकावर वैशालीचं नाव होतं, ताज्या पांढऱ्या रंगात. अक्षरं थोडी तिरकी झाली होती. मला बरं वाटलं.

रविवारी दुपारपर्यंत वाचनकक्ष उघडा असतो. मी वर्तमानपत्र समोर धरून बसले आणि तक्रारी गोळा करायला लागले. टेबलावरच्या कर्मचाऱ्याला सहज विचारलं, "नवीन मॅडम कशा आहेत?"

"पंखे चालू झाले बघा," तो म्हणाला. "आधी तीन चालायचे, ते पण मूड असेल तर."

मी वर पाहिलं. सगळे पंखे फिरत होते. एकही कुरकुरत नव्हता.

समोरचे एक म्हातारे वाचक मात्र माझ्या मदतीला आले. ते हळू आवाजात म्हणाले, "वाटोळं केलं हो या बाईंनी." मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली. "तीस वर्षं या खिडकीतली खुर्ची माझी. आता सकाळी आलं की इथे कोणी ना कोणी बसलेलं. पोरंपोरी काय, नोकरीवाले काय. एवढी गर्दी झाली वाचायला. बसायचं कुठे माणसाने?"

मी खुर्ची परत सरकवली. स्तुती पचवता येते, पण अशी तक्रार फार छळते. संस्थेतून बाहेर पडले तेव्हा हेव्याने माझे कान अक्षरशः गरम झाले होते. ती जागा मला मिळाली असती तर मी पंखे दुरुस्त केले असते का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मी बहुधा दुर्मिळ ग्रंथांविषयी एक टिपण लिहिलं असतं आणि उकाड्याबद्दल वरती पत्र.

दुपारी हिंदमाताला गेले. सत्काराची शाल आणायचं काम मंडळाचे सेक्रेटरी गावडेकाका यांनी माझ्यावर सोपवलं होतं. "हार, नारळ आमचा. शाल मैत्रिणीकडून. तेवढीच आपुलकी," असं ते फोनवर म्हणाले होते. हिंदमाताला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साड्या आणि कापड, आणि लग्नाच्या खरेदीला आलेली अख्खी कुटुंबं. एका दुकानात शिरून मी शाल मागितली.

"सत्काराची की पांघरायची?" दुकानदाराने विचारलं.

"फरक काय?"

"सत्काराची घडीत एक नंबर दिसते, ताई. फक्त घडी मोडायची नाही. उघडली तर पलीकडचा माणूस दिसतो."

"मग ती पांघरत कोण?"

"कोणी नाही. पुढच्या सत्काराला पुढे जाते. माझ्याकडची एक शाल फिरून फिरून माझ्याच सासऱ्यांच्या खांद्यावर आली."

वैशालीसाठी मी सत्काराची घेतली. चकचकीत, लाल, सोनेरी काठाची. मग दुकानदाराने उगाचच एक पांघरायची शाल माझ्या हातावर टाकली. राखाडी, मऊ, काठाला बारीक निळी वेल. वर्षभरात मला कोणी काही दिलं नव्हतं. माझा सत्कार करणारं मंडळ अजून स्थापन व्हायचं होतं. तेव्हा ती मी स्वतःला दिली. मुंबईच्या उकाड्यात लोकरीची शाल विकत घेणारी बाई दुकानदाराने याआधी पाहिली नसावी, पण त्याने चेहरा सरळ ठेवला.

टॅक्सीने मला लालबागच्या पुलाच्या चुकीच्या बाजूला सोडलं. दोन पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडला तर समोर चिवड्याची दुकानं आणि हवेत फोडणीचा खमंग वास. मी चिवडा चाखला आणि दुकानदाराला तेल कोणतं, पोहे कुठून येतात आणि वीस किलो घेतला तर भाव काय, असं विचारत बसले. मग भानावर आले. वर्षापूर्वी मी चिवडा खाऊन पुढे गेले असते. आता मुंबईत हेवा करायला आलेली असतानाही वसतिगृहाच्या मधल्या खाण्याचा हिशेब डोक्यात सुरू होता.

चाळीच्या पटांगणात मांडव, लाल खुर्च्या आणि स्टेजवर पाच मोठ्या खुर्च्या होत्या. वैशालीने मला लांबूनच पाहिलं. तिने येऊन मला मिठी मारली. मी शाल गावडेकाकांच्या हवाली केली आणि दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

दीपप्रज्वलन झालं. स्वागतगीत झालं. मग मांडवाच्या दारात गडबड उडाली आणि कोणा माजी लोकप्रतिनिधीचे धाकटे बंधू, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, दोन कार्यकर्त्यांसह आत आले. त्यांनी न विचारता मधली खुर्ची घेतली. मंडळाचे अध्यक्ष कडेला सरकले, वैशाली त्याहून कडेला, आणि कार्यकर्ते खुर्च्यांच्या मागे भिंतीसारखे उभे राहिले. बंधू पाच मिनिटांत जाणार म्हणून निवेदकाने आधी त्यांचाच सत्कार पुकारला. गावडेकाकांनी तबकातली लाल शाल उचलली आणि बंधूंच्या खांद्यांवर घातली. टाळ्या पडल्या. बंधू गेले नाहीत.

"आणि आता," निवेदक म्हणाला, "ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत, त्या आपल्या वैशालीताईंचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार."

गावडेकाका नारळ घेऊन पुढे झाले आणि थांबले. तबक रिकामं होतं. त्यांनी तबकाखाली पाहिलं. निवेदकाने "शाल आणि श्रीफळ" पुन्हा एकदा म्हटलं, जास्त जोरात. पहिल्या रांगेत वैशालीची आई नऊवारीचा पदर धरून बसली होती; तिने मान खाली घातली.

त्या क्षणी मला जे झालं त्याला मराठीत आनंद म्हणतात. लपवण्यात अर्थ नाही. वर्षभर ज्या बाईच्या नशिबाने माझी झोप घालवली, तिच्या नशिबातून एक शाल गळाली होती, आणि तीही हलक्या प्रतीची. मी आरामात मागे टेकणार होते. बसून बघणं मला चांगलं जमतं. त्यावरच माझी नोकरी आणि माझं वाचन उभं आहे.

पण मी उभी राहिले होते. कधी, ते कळलं नाही. वर्षभर वसतिगृहात रात्री दिवे गेले, दूध नासलं, कोणाला चक्कर आली, की ऐंशी मुली माझ्याकडे बघतात आणि मला आधी उठावं लागतं, विचार नंतर. हेव्याला मुद्दा मांडायला थोडा वेळ लागतो. तो मांडेपर्यंत मी स्टेजच्या पायऱ्यांवर होते.

"काका, शाल माझ्याकडे राहिली," मी मोठ्याने म्हटलं. पिशवीतून राखाडी शाल काढली, किमतीची चिठ्ठी दातांनी तोडली. मग कार्यकर्त्यांना म्हणाले, "तुम्ही दोघं जरा खाली या. फोटोत मागे गर्दी दिसते." ते खाली गेले. बंधूंना म्हटलं, "आपण एक खुर्ची पलीकडे घेता का? अध्यक्षांना मध्ये बसू द्या." बंधू सरकले. अशा माणसांवर पूर्वी मी खोचक लेख लिहीत असे. नुसतं 'सरका' म्हटलं की ते सरकतात, हे मला माहीत नव्हतं.

मी वैशालीच्या खांद्यांवर शाल घातली. तिने काठ चिमटीत धरला आणि पुटपुटली, "अगं, ही खरी आहे."

"घाम येईल. सोस," मी म्हटलं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भाषण खाली दुसऱ्या पिशवीत राहिलं होतं, टाचण्यांसकट. मी म्हणाले, "आज सकाळी मी हिच्या वाचनकक्षात जाऊन आले. सगळे पंखे फिरतात. तिथे बसायला जागा मिळत नाही." पुढे काही सुचेना, म्हणून खाली उतरले. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. लोकांना थोडक्यात आटोपणारा वक्ता फार आवडतो.

बसला वेळ होता म्हणून वैशालीच्या घरी जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट, दाट रस्सा), भात आणि सोलकढी. वैशालीने शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. ती म्हणाली, "तू संस्थेत गेली होतीस? मला न सांगता?"

"हो."

"कशाला?"

"तुझ्याबद्दल वाईट ऐकायला."

"मग?"

"नाही मिळालं. पाटीवरची अक्षरं तिरकी आहेत, तेवढंच." मी भात कालवत राहिले. "मला तुझा फार हेवा वाटतो, वैशू. वर्ष झालं. कमी होत नाहीये. म्हणून फोन उचलत नव्हते."

तिने मांडीवरच्या शालीची घडी सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तू मला लायक समजत नाहीस."

"लायक नसतीस तर सोपं गेलं असतं."

तिची आई वाढायला वाकली होती, तशीच थांबली. "हेवो तर माका पण वाटता हिचो," ती म्हणाली. "हिका फिरती खुर्ची गावली. माका उभ्या जल्मात बसूक पाट गावूक नाय. म्हणान काय मी हिच्याशी बोलूचा सोडलंय? घे गो, अजून एक बांगडो घे."

वैशाली हसायला लागली. मीही. बांगडा घेतला. हेवा तिथेच होता, ताटाच्या बाजूला, पण जेवण गेलं.

परतीच्या बसमध्ये थंड हवा इतकी होती की सगळ्यांनी बसवाल्याची मळकी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मीही घेतली आणि वर्षाचा आढावा घ्यायचा प्रयत्न केला. ठरवलेल्यांपैकी एकही गोष्ट झाली नाही. न ठरवता जे झालं त्याला कुठल्याच अर्जात रकाना नाही: मी आधी उठते, विचार नंतर. एवढंच. यात धन्यता मानावी असं मला वाटत नाही. मला ती जागा अजून हवी आहे, पंख्यांसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांचं भांडण मिटवून मी खोलीत आले तेव्हा वैशालीने सत्काराचा फोटो पाठवलेला होता. अध्यक्ष कॅमेऱ्याकडे बघतायत, बंधू कॅमेऱ्याकडे बघतायत, वैशाली रडू आवरते आहे. मी कॅमेऱ्याकडे बघत नाही. शालीचे दोन्ही बाजूंचे काठ सारखे आलेत का, ते बघते आहे. मी फोटो मोठा केला, माझ्या चेहऱ्यापाशी नेला आणि हेवा कुठे दिसतो का ते बराच वेळ शोधलं. होता तर नक्की. पण त्या बाईला तेव्हा काम होतं.

मी तिला लिहिलं, "शाल घरी धुऊ नकोस, ड्रायक्लीनला दे. मी पुढच्या महिन्यात येते आहे आणि आले की ती मी वापरणार आहे."

लगेच उत्तर आलं, "पांघरायची आहे ना, मग मिळणार नाही."

मी फोन लावला.