गाडीत दोष नव्हता

क्लबात तिला सगळे वहिनी म्हणत. केस पांढरे झालेले टाइमकीपरही वहिनी म्हणत आणि कालपरवा लायसन मिळालेली पोरंही. ती पहिल्यांदा ट्रॅकवर आली ती सुसाटची बायको म्हणून. सुसाटचा दबदबा तेव्हा असा होता की त्याच्या घरच्या माणसाला वेगळ्या नावाची गरजच पडली नाही. ‘‘मला नणंद एकच आहे, पण दीर चाळीस,’’ असं ती म्हणायची आणि हेल्मेट चढवून त्या चाळीस दिरांच्या मागे कुठेतरी आपली मोटरसायकल उभी करायची.

ट्रॅक म्हणजे बंद पडलेली विमानाची धावपट्टी. तिच्या भोवती क्लबाने वळणं आखून घेतली होती, कडेला जुन्या टायरांच्या भिंती रचल्या होत्या. रविवारी इथे कुणी गवंडी यायचा, कुणी औषधाच्या दुकानातला, कुणी बँकेतला. बक्षीस म्हणजे पत्र्याचा कप. आठवडाभर साहेबाची बोलणी खाल्लेली माणसं रविवारी सकाळी कातडी सूट चढवून वाऱ्याशी भांडायची आणि सोमवारी लंगडत कामावर जायची.

वहिनी एका दंतशाळेत काम करायची. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावर मेणात दात बसवायचे, हिरडी कोरायची, मग कवळी तयार करायची. काम नाजूक. एक दात केसभर तिरका बसला तर म्हातारं माणूस महिनाभर जेवताना शिव्या घालतं. तिचा हात चांगला होता. गावातले निम्मे म्हातारे मी केलेल्या दातांनी हसतात, असं ती गमतीने म्हणायची आणि ते फारसं खोटं नव्हतं.

सुसाट कारखान्यात टर्नर होता. लेथवर त्याच्यासारखा माणूस नाही, असं त्याचा फोरमन म्हणायचा. मग एका रविवारी हँगरच्या पुढच्या डाव्या वळणावर त्याचं पुढचं चाक घसरलं. हाडं जुळली, खरचटलेलं भरून आलं, पण डाव्या खांद्यातल्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या होत्या. हात जागेवर होता, नुसता लोंबत होता. बोटांना टाचणी टोचली तरी कळायचं नाही, आणि तरी त्याच हातात रात्रंदिवस आग व्हायची. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्ट मोजून द्यायला.

पहिलं वर्ष तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आला-गेला, डॉक्टर, मित्र, कुणाशी बोलणं नाही. बहीण यायची, डोकं चेपून जायची. वहिनीने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी एक दिवस तिने शेडमधली आपली जुनी गाडी काढली. ती सुरू होईना. ती किक मारतेय, गाडी खोकतेय, पुन्हा किक, पुन्हा खोकला. आतून आवाज आला, ‘‘चोक बंद कर. कार्बोरेटरमध्ये कचरा आहे.’’ आणि थोड्या वेळाने तो स्वतःच बाहेर आला, स्टुलावर बसला आणि एका हाताने कार्बोरेटर उतरवायला लागला.

ते औषध तिला सापडलं आणि तिने ते सोडलं नाही. ती पुढच्या रेसला गेली, मग त्याच्या पुढच्या. तो तिची गाडी करायचा. एका हाताने आणि दातांनी धरून, गुडघ्यात दाबून तो असं काही काम करायचा की बघणाऱ्याला लाज वाटावी. सूर्य उगवायच्या आधी उठायचा. दाढी करायला लागला. स्टोअरमधल्या लोकांना रेसच्या गोष्टी सांगायला लागला. आणि वहिनी, जी इतकी वर्षं हौसेपुरती मागे मागे चालवायची, ती पुढे यायला लागली. कारण गाडी खरोखरच तशी झाली होती. दिरांना घाम फुटायला लागला.

मग मागच्या मोसमात ती पडली. पडणं साधं होतं, सूट फाटलासुद्धा नाही. फक्त पडताना उजवा हात पुढे आला आणि मनगटातलं काजूएवढं हाड मोडलं. स्क्रू घालून जुळवलं. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी हाडांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला.

‘‘काम काय करता तुम्ही?’’

‘‘दात करते. कवळ्या.’’

‘‘म्हणजे सगळं या मनगटावरच.’’ बाईंनी चष्मा काढला. ‘‘हे बघा, हे हाड जेमतेम जगलंय. पुन्हा मोडलं तर ते मरेल. मग मनगट वाकणार नाही. हात राहील, पण मेणाची सुरी धरता येणार नाही. काय ते तुम्ही ठरवा.’’

घरी येताना तिने रेस सोडायचं ठरवलं होतं. तिला मरणाची भीती नव्हती, ट्रॅकवर जाणाऱ्या कुणालाच ती तशी नसते. तिला भीती हिशेबाची होती. घरात चार हात होते, तीन राहिले. त्यातला आणखी एक गेला तर त्याच्या हाताची झोळी कोण बांधणार, त्याची भाजी कोण चिरणार, आणि तिची? दोन माणसं एकमेकांकडे बघत बसतील.

तिने दार उघडलं तर तो शेडमधून हाक मारत होता. ‘‘अगं इकडे ये! हे बघ काय केलंय.’’ ब्रेकचा लिव्हर त्याने स्वतः घासून नवा बनवला होता, लांब आणि खाली वळवलेला. ‘‘मनगट वाकवायलाच नको आता. दोन बोटं टेकवली की झालं. धर, धरून बघ.’’ त्याच्या चेहऱ्यावर ग्रीस लागलं होतं आणि तो हसत होता.

तिने दोन बोटं टेकवली. ‘‘छान झालंय,’’ ती म्हणाली.

आठ दिवसांनी नणंद आली तेव्हा वहिनीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. नणंद इस्पितळात नर्स होती, मोडलेली माणसं रोज उचलायची. ही तरी आपल्या बाजूने बोलेल, अशी वहिनीची खात्री होती. तिने डॉक्टरबाईंचं सगळं बोलणं सांगितलं आणि म्हणाली, ‘‘मी सोडावं म्हणतेय.’’

नणंद कांदा चिरत होती. तिने उरलेला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, ‘‘वहिनी, सोडू नकोस.’’

‘‘काय?’’

‘‘मला कळतंय मी काय बोलतेय ते. पण त्या वर्षात दादा काय झाला होता ते तू रात्री पाहिलंस, आणि तू कामावर गेलीस की मी पाहिलंय. मला तो पुन्हा तसा नको.’’ तिने सुरी खाली ठेवली. ‘‘हळू चालव ना. जा, एक फेरी मारून ये. त्याला काय कळणार आहे?’’

वहिनीला राग आला, आणि राग आला म्हणजे बोलणं कुठेतरी लागलेलं असतं. तिने त्या दिवसापासून तोंडात मिठाची गुळणी धरली. मोसम सुरू झाला आणि ती रेसला गेली.

ती हळू चालवायला लागली. सरळ पट्ट्यावर नाही, तिथे लगेच दिसतं. वळणाच्या आधी. जिथे ब्रेक लावायचा त्याच्या दोन गाड्यांइतकं आधीच तिची बोटं त्या नव्या लिव्हरवर जायची. तिने ठरवून केलं असंही नाही, बोटं आपली आपण जायची. सुसाट टायरांच्या भिंतीमागे स्टॉपवॉच घेऊन उभा असायचा. ती आत आली की विचारायचा, ‘‘काय झालं?’’

‘‘टायर तापलेच नाहीत.’’

पुढच्या वेळी, ‘‘मागचं चाक उडतंय रे वळणावर.’’

त्याने ऐकलं. सगळं ऐकलं. मागचे शॉक उतरवले, तेल बदललं, पुन्हा बसवले. चेन काढली. चाकांचे बेअरिंग काढून एकेक गोळी बोटांनी चाचपली. स्टोअरमधून आला की कपडे न बदलता शेडमध्ये. एका हाताने एक बोल्ट आवळायला त्याला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक होतं. ती स्वयंपाकघरातून पाना निसटल्याचा आवाज ऐकायची, मग थोडी शांतता, मग पुन्हा आवाज. बाहेर जाऊन त्याला थांबवावं असं रोज वाटायचं. ती भांडी घासत राहायची.

‘‘मीच कुठेतरी चुकतोय,’’ एकदा जेवताना तो म्हणाला. ‘‘दोन हात असते तर सापडलं असतं. काहीतरी सैल राहतंय, माझ्या हाताला कळत नाहीये.’’

‘‘तू नाही चुकत.’’

‘‘मग गाडी का चुकतेय?’’

तिने त्याच्या ताटात भात वाढला.

त्यानंतरच्या रविवारी तिच्या मागे पोपट होता. हिरवा सूट घालतो म्हणून पोपट. एका शाळेत शिपाई, लग्न नुकतंच ठरलेलं, वहिनीचा चेला. वळण कसं घ्यायचं ते तो तिच्या मागे राहून शिकला होता. वहिनी ब्रेक कुठे लावते ते त्याला पाठ होतं. त्यामुळे हँगरच्या पुढे ती आधीच मंदावली तेव्हा तो तिच्यावर आलाच. त्याने गाडी बाहेर ओढली, पुढचं चाक गवतावर गेलं आणि तो टायरांच्या भिंतीवर आदळला.

तिने तो आवाज ऐकला. मागे वळून पाहिलं तेव्हा त्याची गाडी अजून फिरत होती आणि पोपट पडल्या जागी दोन्ही कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होता. पाय उलट्या बाजूला वळलेला होता.

मांडीचं हाड आणि खुबा. तो जगला. क्लबात कुणी तिला बोल लावला नाही. रेसमध्ये असं होतंच, मागच्याने अंतर ठेवायचं असतं, असं टाइमकीपर म्हणाले. दोघा-तिघांनी तिच्याच खांद्यावर हात ठेवला.

परतताना गाडी टेम्पोत मागे बांधली होती. टेम्पो ती चालवत होती. सुसाट खिडकीबाहेर बघत होता.

‘‘कधीपासून?’’ त्याने विचारलं.

‘‘काय कधीपासून?’’

‘‘उगाच वेड पांघरू नकोस. मी भिंतीजवळच होतो. तुझ्या ब्रेकचा दिवा काढलाय मी, पण पुढचा शॉक दबलेला मला दिसतो. पट्टा संपायच्या किती आधी दबला तो.’’

सिग्नल लागला. तिने टेम्पो थांबवला.

‘‘मनगट मोडल्यापासून,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टरबाई म्हणाल्या, पुन्हा मोडलं तर हात गेला.’’

‘‘मला नाही सांगितलंस.’’

‘‘नाही.’’

‘‘मग इतके दिवस मी गाडीत काय शोधत होतो?’’

 सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

‘‘सांगायचं होतंस गं,’’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं.

‘‘सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी उठला असतास तू?’’

त्याने पुन्हा खिडकीबाहेर मान वळवली.  घर आल्यावर उतरताना तो म्हणाला, ‘‘म्हणजे तू माझ्यासाठी चालवत होतीस. आणि मला वाटत होतं, मी तुझ्यासाठी करतोय.’’

असं तिने रेसिंग सोडलं. कुणाला जाहीर सांगितलं नाही. गाडी क्लबातल्या गवंड्याने नेली. न्यायला आला तेव्हा सुसाट बाहेर आला नाही. गवंड्याने पहिल्याच फेरीनंतर फोन करून सांगितलं, वहिनी, गाडी म्हणजे लोणी आहे, काही म्हणता काही दोष नाही. तिने निरोप आत पोचवला नाही.

पोपटला भेटायला ती तीनदा गेली. पहिल्यांदा त्याच्या आईने तिचे हात धरले, म्हणाली, ‘‘तुम्ही वेळात वेळ काढून आलात हो.’’ दुसऱ्यांदा पोपट हसून म्हणाला, ‘‘वहिनी, काठी सुटली की पुन्हा तुमच्या मागे.’’ तिसऱ्यांदा खरं सांगायचं ठरवूनच ती गेली. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. लग्न मोडलं होतं. ती पलंगाशेजारी बसली, सफरचंद कापून ठेवलं आणि न सांगताच निघाली.

सुसाट कामावर जायचा, यायचा, आडवा व्हायचा. दाढी वाढली. बहीण पुन्हा डोकं चेपायला यायला लागली आणि वहिनीशी कामापुरतं बोलायला लागली. शेडमध्ये घरातल्या अडगळीने पाय पसरले.

निदान मनगट वाचलं, असं ती स्वतःला सांगायची. पावसाळ्याच्या सुमाराला सकाळी बोटं आखडायला लागली. तिने पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, सांधा झिजतोय, अशा फ्रॅक्चरनंतर काही जणांत होतं, न पडताही होतं. किती वर्षं काम करता येईल ते सांगता येत नाही. करा, होईल तोवर.

त्या दिवशी ती त्याच्या पलंगाच्या कडेला बसली. एक्स-रेचं पाकीट तिने मांडीवर धरलं होतं. ‘‘अरे,’’ ती म्हणाली, ‘‘हात तसाही जायचाय. मी पुन्हा सुरू करू का? गवंडी गाडी देईल परत.’’

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत असं त्याने बघितलं नव्हतं, आणि क्षणभर तिला वाटलं, तो हो म्हणेल.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘तू जोरात आलीस तरी मला आता ते खरं वाटणार नाही.’’

आणि तो कुशीवर वळला.

रविवार फार लांबतो म्हणून ती हल्ली दंतशाळेतलं काम घरी आणते. मधल्या खोलीत खिडकीशी टेबल लावलंय, त्यावर साचे, मेण, छोटा दिवा. हात आखडला की थांबते, गरम पाण्यात बुडवते, पुन्हा बसते. पूर्वी सकाळभरात व्हायचं त्याला आता दिवस जातो. परवा संध्याकाळी तिला आतून त्याचा आवाज ऐकू आला.

‘‘झालं का?’’

‘‘वरचे झाले,’’ ती म्हणाली. ‘‘खालचे राहिलेत.’’

ती थांबली, आणखी काही विचारतो का म्हणून. मग तिने दिवा जवळ ओढला.