आठ दिवसांचं जागाभाडं

चोरीला गेलेली गाडी पोलिसांना सापडली की ती मालकाच्या दारात जात नाही, आधी यार्डात येते. क्रेन तिला ओढून आणते, कोणीतरी काचेवर पिवळ्या रंगाने नंबर घालतो, किल्ली असलीच तर ती पत्र्याच्या डब्यात पडते, आणि मालकाच्या नावावर दोन खर्च चढतात: क्रेनचे पैसे आणि रोजचं जागाभाडं. ते भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. हे पैसे घेणाऱ्या खिडकीच्या आत बावीस वर्षं एकच कारकून बसत होता. सगळे त्याला पावतीकाका म्हणत.

बावीस वर्षं त्या खिडकीतून एकच प्रश्न आत येत होता. गाडी माझी चोरली आणि पैसेही मीच भरायचे? कोणी तो रडवेल्या आवाजात विचारी, कोणी काचेवर मूठ आपटून. शिवणकाम करणारी एक बाई एकदा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चोर माझ्या स्कूटरवर महिनाभर फुकट हिंडला, आणि पैसे मी देऊ होय?" पावतीकाकाला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. चोर सापडला तर चोराकडून वसूल करा, नाही सापडला तर दंडाच्या रकमेतून भागवा, पण ज्याची गाडी गेली त्याला सोडा, असे तीन अर्ज त्याने वरच्या कचेरीत दिले होते. अर्ज विचाराधीन आहे, असं तिन्हींना उत्तर आलं. मग त्या बाईकडूनही त्याने पैसे घेतलेच, आणि वर शिव्याही खाल्ल्या.

पण त्याने स्वतःपुरती एक वाट काढली होती. नियमाप्रमाणे पहिल्या दिवसाचं भाडं लागत नसे. सरकारी पत्र मात्र टपालाने जाई आणि पोचायला आठवडा सहज घेई, म्हणजे तोवर भाड्याचा डोंगर झालेलाच. म्हणून गाडी आत आली की हा कागदपत्रांतून मालकाचा फोन नंबर हुडकायचा आणि स्वतःच्या फोनवरून कळवायचा. "गाडी आलीये. उद्या दुपारच्या आत या, भाडं वाचेल." हे काही त्याचं काम नव्हतं आणि त्याबद्दल कोणी त्याला चहासुद्धा पाजला नाही. तरी एकही गाडी त्याने चुकवली नव्हती.

असा हा भला माणूस. पण भल्या माणसालाही साडू असतो.

त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा लॉन्ड्रीवाला होता. सासरी त्याला धाकटे जावई म्हणत, आणि ते म्हणताना सासूबाईंच्या आवाजात जे लोणी येई ते पावतीकाकाच्या वाट्याला लग्नाच्या दिवशीही आलं नव्हतं. एक इस्त्री आणि एक खोली यावर धाकट्याने सुरुवात केली होती. आता चार हॉटेलांच्या चादरी त्याच्याकडे धुवायला येत. बरं, माणूस लबाड असता, फुशारक्या मारणारा असता, तर पावतीकाकाने त्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण तसं नव्हतं. तो गोड होता, कष्टाळू होता, थोरल्या साडूला दादा दादा म्हणून मान देत होता. त्यामुळे पावतीकाकाच्या पोटात जास्तच दुखे.

सगळ्यात खुपे ते वेगळंच. धाकटा घरी आला की पावतीकाकाची बायको हसायची. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आपल्या एखाद्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली, हे पावतीकाकाला आठवूनही आठवत नसे.

मग धाकट्याने व्हॅन घेतली. पांढरीशुभ्र, निळ्या अक्षरांची. पहिल्याच रविवारी तो सगळ्यांना फिरायला घेऊन गेला. पुढे सासूबाई आणि पावतीकाकाची बायको बसल्या, आणि थोरले जावई मागे, कपड्यांच्या गाठोड्यांत. "दादा, आरामात बसा हं, गाद्यांपेक्षा मऊ आहे," असं धाकटा म्हणाला आणि सगळे खळखळून हसले. वाटेतला एकेक खड्डा पावतीकाकाने मोजला.

सहा महिन्यांनी व्हॅन चोरीला गेली. पावतीकाका भेटायला गेला, पाठीवर हात ठेवला, पोलिसांत कुठे काय लिहून द्यायचं ते सांगितलं. हे सगळं त्याने मनापासून केलं. आणि त्याच मनाच्या एका कोपऱ्यात त्याला बरं वाटत होतं. स्वतःची लाज वाटली, पण बरं वाटायचं काही थांबलं नाही.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी सकाळी, क्रेनवाला व्हॅन ओढत यार्डात आला. बंपर तुटलेला, एक आरसा गायब, बाकी धडधाकट. "काका, लिहून घ्या," तो म्हणाला. पावतीकाकाने निळी अक्षरं वाचली आणि वहीत तारीख, वेळ, नंबर सगळं लिहिलं. मग सवयीने फोन हातात घेतला. धाकट्याचा नंबर शोधायचीही गरज नव्हती.

फोन केला तर काय होईल ते त्याला लख्ख दिसलं. धाकटा धावत येणार, भाड्याचा एक पैसा न देता गाडी नेणार, संध्याकाळी पेढे वाटल्यासारखी बातमी वाटणार, आणि सासूबाई म्हणणार, आमच्या धाकट्यांचं नशीबच थोर. पावतीकाकाने फोन खिशात ठेवला. जगाला जे पत्र जातं तेच त्यालाही जाऊ दे, आपण काय नियमाबाहेर केलं, असं तो स्वतःशी म्हणाला. पत्र त्याने त्याच दिवशी टपालात टाकलं, आणि यार्डातल्या कोणालाही ती गाडी कोणाची ते सांगितलं नाही.

घरी बायको रोज बहिणीची हालहवाल सांगे. चादरींची गाठोडी हातगाडीवरून न्यावी लागतात, एक हॉटेल तर सुटायच्या बेतात आहे. तिसऱ्या दिवशी पावतीकाकाला राहवेना. हात धुऊन फोन करायचाच, असं ठरवून तो उठला. तेवढ्यात बायको म्हणाली, "पण धाकटे काय म्हणाले माहितेय? गाडी गेली, हात तर नाही ना गेले! असा माणूस लागतो बघा. दुसरा असता तर डोक्याला हात लावून बसला असता." पावतीकाकाने हात धुतले आणि जेवायला बसला. या गृहस्थाची चोरी झाली तरी कौतुकच! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भाजी खारट झालीये, असं तो उगाचच म्हणाला.

नवव्या दिवशी धाकटा पत्र घेऊन खिडकीपाशी आला. एवढ्या दिवसांत खांदे उतरले होते, हाताला गाठोड्यांचे वळ उठले होते. पावतीकाकाने हिशेब सांगितला: क्रेनचे पैसे, शिवाय आठ दिवसांचं जागाभाडं. तो प्रश्न आता येणार, म्हणून पावतीकाका सावरून बसला. या तोंडातून तो ऐकायची त्याला फार इच्छा होती.

धाकटा भांडला नाही. त्याने पत्रावरची तारीख पाहिली आणि म्हणाला, "सोमवारीच आली होती होय? दादा, तुम्ही त्या दिवशी रजेवर असणार. नाहीतर तासाभरात तुमचा फोन आला असता. मी हिलाही तेच म्हणालो."

पावतीकाकाने वहीत डोकं घातलं. "हो," तो म्हणाला. "रजेवर होतो."

"एवढे पैसे आत्ता नाहीत हो माझ्याकडे. साहेबांना विचारून बघू?"

"विचार. पण आजवर कोणाला माफ झालेलं नाही."

धाकटा साहेबांच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. साहेब हसत होते! बावीस वर्षांत पावतीकाकाने साहेबांना शिंकताना ऐकलं होतं, खोकताना ऐकलं होतं, हसताना कधी नाही. पण त्या क्षणी त्याला हेवा करायचीही सवड नव्हती. रजेवर असणार, हे शब्द त्याला काट्यासारखे टोचत होते. नव्या चष्म्यासाठी साठवलेले पैसे पाकिटात होते. त्याने ते काढले, आठ दिवसांच्या भाड्याची पावती फाडली, पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि पावती खिशात कोंबली.

धाकटा बाहेर आला. "साहेब म्हणाले, बघतो, खिडकीवर बोला."

साहेब हे प्रत्येकाला म्हणत. त्याचा अर्थ काहीच नसे.

"क्रेनचे तेवढे दे," पावतीकाका मान खाली घालून म्हणाला. "भाड्याचं झालंय."

"झालं? माफ?" धाकट्याचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहेत हो तुमचे साहेब! आणि तुम्ही म्हणत होतात कोणाला माफ होत नाही!"

खरं सांगायचं तर कारणही सांगावं लागणार होतं. पावतीकाकाने किल्ली पुढे सरकवली.

संध्याकाळी तो घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. बायको दारातच सुरू झाली. "ऐकलंत का? धाकट्यांनी साहेबांशी दोन शब्द बोलून आठ दिवसांचं भाडं माफ करून घेतलं! आई म्हणाली, जिभेवर साखर लागते. तुम्ही बावीस वर्षं तिथे बसता, तीन-तीन अर्ज केलेत, पण एकाचा तरी पैसा माफ झाला का तुमच्याने?" आणि ती हसली, अगदी तसंच, पदर लावून.

ते हसणं पावतीकाकाला सोसलं नाही. "कसली साखर आणि कसलं काय!" तो ओरडलाच. "मी भरलेत! माझ्या खिशातून! ही बघ पावती!"

बायकोने पावती हातात घेतली. आधी तिचा चेहरा उजळला. मग ती पुन्हा वाचू लागली आणि बोटांवर काहीतरी मोजू लागली. पावतीकाकाला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. गाडी आत आल्याची तारीख पावतीवर लिहिलेली होती, त्याच्याच अक्षरात.

"तुम्ही सोमवारी रजेवर होतात असं धाकटे सांगत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "सोमवारी मी डबा भरून दिला होता तुम्हाला."

पावतीकाका वाकून चपला काढू लागला.

"परक्या माणसांना फोन करता. त्या शिवणकामवालीला केलात, चार शिव्या खाल्ल्यात, तरी पुढच्याला केलात. आणि गाडी सापडल्यावरही माझी बहीण नऊ दिवस हातगाडी ढकलत होती. मी रोज येऊन तुम्हाला सांगत होते."

"मला बघवत नाही गं त्याचं," तो म्हणाला. एवढं खरं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होता. "तू त्याच्यापाशी हसतेस ते बघवत नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पावतीचे बारीक बारीक तुकडे केले आणि केराच्या डब्यात टाकले. "कोणी विचारलं तर भाडं साहेबांनीच माफ केलं, धाकट्यांच्या बोलण्यावर. हे आता बदलायचं नाही. कळलं?"

"कळलं."

तेव्हापासून चार माणसं जमली की धाकटा तो किस्सा सांगतो. दर वेळी थोडं तिखटमीठ वाढतं. आता तर साहेबांनी उठून त्याच्याशी हातही मिळवलेला असतो. सासूबाई गालांवर हात ठेवून ऐकतात. पावतीकाकाची बायको मात्र त्या किश्श्याला हसत नाही, ती खाली बघते. आणि ऐकणाऱ्यांतल्या कोणाच्या चेहऱ्यावर शंका दिसली की धाकटा हात वर करून म्हणतो, "खोटं वाटतंय? विचारा की दादांना, ते तिथेच होते!"

सगळे पावतीकाकाकडे वळतात.

"हो," पावतीकाका म्हणतो. "मी स्वतः पाहिलंय."