वाळवंटातल्या समुद्राला सोडलेला नारळ

यंदाच्या नारळी पौर्णिमेला आम्ही दोघं वाळवंटात होतो... आणि तेही समुद्रकाठी!

थट्टा नाही. कॅलिफोर्नियाच्या ऐन वाळवंटात एक भलंमोठं खारं तळं आहे, नकाशात त्याच्या नावापुढे चक्क 'सी' लिहिलंय. त्याच्या काठावर मोजक्याच खोल्यांचं एक देखणं हॉटेल. आमच्या निखिलने फोनवर सांगितलं, "आई, तुला सी बघायचा होता ना? ऑफ सीझन आहे, मस्त डील मिळालं. आता नो म्हणू नकोस."

खरं कारण वेगळं होतं. मार्चमध्ये माझ्या बायकोचा, मंगलचा, थोरला भाऊ गेला. माझ्या बायपासमुळे आम्हाला जाता आलं नाही. तेव्हापासून मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयच्या घरात कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या बोलत होत्या.

मंगलचं माहेर वेंगुर्ल्याजवळचं, अगदी समुद्राला चिकटलेलं. लग्न होऊन इकडे आल्यापासून दर नारळी पौर्णिमेला तिचे हे दादा दोन नारळ घेऊन किनाऱ्यावर जायचे. एक घरचा आणि एक मंगलच्या नावाचा. इकडून राखी पोस्टाने जायची, तिकडे नारळ पाण्यात जायचा. मिशिगनमध्ये तळ्यांना तोटा नाही, पण गोड्या पाण्याला नारळ देणं तिला कधी पटलं नाही. यंदा तिच्या नावाचा नारळ सोडायला कुणीच उरलं नव्हतं...

एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्याने तिच्या हँडबॅगमधून एक नारळ बाहेर काढला. कानाशी धरून हलवला आणि विचारलं, आत पाणी आहे का? आता काय सांगणार! शेवटी तोच हसला आणि त्याने नारळ परत दिला. मी विचारलं, "अगं, हा कशाला?" ती म्हणाली, "असू दे." मी काय ते समजलो.

हॉटेल मात्र स्वप्नासारखं. पांढरेशुभ्र पडदे, काकडीच्या चकत्या घातलेलं गार पाणी, बसल्या बसल्या हातात येणारे थंडगार सुगंधी टॉवेल. बाहेर भट्टीसारखं ऊन. मी सोलापूरचा, मला ते ऊन ओळखीचं वाटलं. आमच्या शाळेच्या आसपास समुद्र नावालाही नव्हता, आम्ही तो बाकावर बसून चालीवर पाठ केलेला. लाटा, शिडं, गाज, सगळं कवितेतून. खिडकीतून निळं पाणी दिसलं आणि मी सवयीने सुरू झालो...

"कविता पुरे," मंगल म्हणाली. "लाट कुठंय? भरती कुठंय? कालवा फुटून साचलेलं पाणी ते. याला समुद्र कोण म्हणेल?"

तिने पर्स मिटली आणि पलंगावर पाठ करून पडली. नारळ पर्समध्येच. मला वाटलं, आता हा तसाच ट्रॉयला परत जाणार आणि ती पुन्हा गप्प होणार.

ऊन उतरल्यावर कसंबसं तिला काठावर नेलं. पायाखाली माशांचे काटे कुरकुरत होते, वास तर अगदी मासळीबाजाराचा. मी नाकाला रुमाल लावला. मंगलने मात्र खोल श्वास घेतला, वाकली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अहो... खारट आहे! आपल्याकडच्यापेक्षाही खारट."

झालं. पर्समधून हळदकुंकवाची पुडी निघाली. "दुकानातल्या मेल्या नारळाला शेंडीसुद्धा नाही," असं पुटपुटत तिने हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि नारळ सोडला.

तो तिथेच राहिला. लाटच नाही, नेणार कोण? शेवटी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरलो आणि त्याला ढकलत राहिलो. मागून आरडाओरडा, "अहो, परत या! हार्टचं ऑपरेशन झालंय, शोभतं का हे!" कित्येक महिन्यांनी ती मला अशी ओरडली... मी मुद्दामच आणखी दोन पावलं पुढे गेलो.

खरी गंमत सकाळी झाली. आम्ही ब्रेकफास्टला बसलो होतो. फ्रंट डेस्कवरच्या मारियाबाई, साधारण मंगलच्याच वयाच्या, हसत हसत ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये घडी घातलेला पांढरा नॅपकिन आणि त्यावर... आमचा नारळ! स्वच्छ धुतलेला, कुंकवाचा मागमूसही नाही.

काल तुमचा नारळ पाण्यात पडला, सर केवढी धडपड करत होते, मी व्हरांड्यातून पाहिलं, त्या सांगत होत्या. पहाटे तो काठाला लागला होता. तुमच्यासाठी मुद्दाम उचलून आणला.

वाहिलेला नारळ परत आलेला... आता हिला काय वाटेल? मी इंग्रजीत समजावायला तोंड उघडणार, तोच मंगलने माझा हात दाबला. ती नारळाकडे बघत होती. मग हसायला लागली. हसता हसता डोळे वाहायला लागले.

"दादा असंच करायचा हो," ती म्हणाली. "लोकांनी नारळ सोडला की पोहत जाऊन पकडून आणायचा. आई ओरडायची. मी तो परकरात लपवायची आणि सुरूच्या बनात बसून आम्ही दोघं खायचो. पहिला तुकडा मला द्यायचा... नेहमी."

बारवाल्याने नारळ फोडून दिला. मंगलने त्यातला पहिला तुकडा मारियाबाईंच्या हातावर ठेवला. त्या गोंधळल्या, पण त्यांनी तो लगेच तोंडात टाकला. बहुधा काहीतरी कळलं असावं. मग मंगल तिथेच बसून मला वेंगुर्ल्याचं सगळं सांगत राहिली... कॉफी गार झाली, तिकडे लक्षच नव्हतं.

मारियाबाई, हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही. पण यंदा आमच्या घरची राखीपौर्णिमा तुमच्यामुळे झाली.